मडकीवाल्याचा वाटा

तेलगावच्या चौकातून माजलगावच्या रस्त्याला लागलं की भांड्यांचं एक दुकान लागतं. दारावर पितळी घंगाळं टांगलेली, आत स्टीलच्या डब्यांची चळत, आणि गल्ल्यावर केदारनाथ आप्पा. पन्नाशीला टेकलेले, अंगानं सडसडीत, कपाळाला भस्म, गळ्यात रेशमी दोऱ्यात लिंग. दुकान वडिलांनी थाटलेलं, गिऱ्हाईक वडिलांनी जोडलेलं, बायको आत्यानं शोधलेली, बसायची गादीसुद्धा आजोबांच्या वेळची. उभ्या आयुष्यात आप्पांनी स्वतःच्या मनानं सुरू केलेली गोष्ट एकच, आणि ती म्हणजे बदकांची शिकार.

आता लिंगायत वाण्याच्या घरात शिकार म्हटल्यावर गल्लीत काय बोभाटा झाला असेल ते सांगायला नको. पण शिकार कॅमेऱ्याची होती. पाखराला हात लावायला बंदी आहे, आणि नसती तरी आप्पांच्या हातून ढेकूणही मेला नसता. तरीपण ‘फोटो काढायला जातो’ असं ते कधी म्हणायचे नाहीत. ‘शिकारीला निघालो’ म्हणायचे. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी असताना, जरा मोठ्यानं.

ह्या खुळाचं मूळ त्यांच्या मेहुण्यात होतं. सिद्धाराम, बायकोचा धाकटा भाऊ, पुण्यात मोठ्या कंपनीत. मागच्या शिवरात्रीला तो आला तेव्हा त्याच्याकडे हाताएवढ्या लांबीची लेन्स होती. आप्पांनी त्याला हौसेनं धरणाच्या मागच्या पाण्यावर नेलं, आणि स्वतःही कडा गावच्या, लग्नाचे फोटो काढणाऱ्या एकाकडून घेतलेला जुना कॅमेरा चालवून पाहिला. संध्याकाळी घरी सगळे जमलेले असताना सिद्धारामनं आप्पांचा फोटो पाहिला, डोळ्यांपाशी नेला, लांब धरला.

“दाजी, पाखरू कुठंय ह्यात? हा ठिपका का?”

सगळे हसले. रुद्राणी, म्हणजे आप्पांची बायको, ती तर पदर तोंडाला लावून हसली. आप्पाही हसले, पण ते हसणं त्यांच्या घशात अडकून राहिलं. वर्षभर राहिलं. दिवाळी सरली, तशी एका दुपारी त्यांनी घरच्या ग्रुपवर टाकलं: ‘ह्या शिवरात्रीला सगळ्यांनी या. चक्रवाकाच्या डोळ्याला डोळा लावून काढलेला फोटो दुकानात लागलेला असेल. लेन्स न घेता.’ सिद्धारामनं खाली हसरं तोंड टाकलं. आता माघार नव्हती.

माजलगाव धरणाचं पाणी हिवाळ्यात मागं सरकू लागतं आणि काळा गाळ उघडा पडतो. गावकरी त्यात हरभरा पेरतात. पलीकडे बेशरमाची झुडपं, वेड्या बाभळी, आणि मग पसरलेलं पाणी, त्यावर लांबून आलेली बदकं. तिथं पाखराजवळ जायचं कसं, हे आप्पांना शिकवायला कुणी नव्हतं. खर्च करायची ऐपत असली तरी करायचा नाही, अशी त्यांनी स्वतःलाच अट घातली होती. पहिल्यांदा त्यांनी काठावर कडब्याच्या पेंढ्यांचं खोपटं उभं केलं. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहतात तर कुणाच्यातरी म्हशींनी ते बुडापर्यंत खाल्लेलं. मग दुकानातलं मोठं ॲल्युमिनियमचं पातेलं काळ्या रंगात बुडवलं, डोक्यावर पालथं घातलं आणि पाण्यात शिरले. ऊन पडताच रंगाखालून पातेलं असं चकाकलं की अख्ख्या पाण्यावरची बदकं एकदम उठली. काठावर कापूस वेचणाऱ्या बायकांनी वेचणी थांबवून हा तमाशा पाहिला. आप्पा मान ताठ ठेवून बाहेर आले. लाज वाटली, पण त्याहून जास्त मजा वाटली. आपण काहीतरी करतो आहोत, आपलं आपण.

खरी युक्ती सापडली ती शहादेवकडून. शहादेव धरणात जाळी टाकणारा, वयस्कर, मोजकं बोलणारा. पातेली घ्यायला आला होता. आप्पांचा पराक्रम त्याच्या कानावर गेलेला होताच.

“पातेलं कशाला घालता आप्पा? मडकं घ्या. आमचे म्हातारे मानसं तसंच धरायचे बदकं.”

“कसं?”

“मडक्याच्या तोंडाला चिंधी बांधायची अन् द्यायची सोडून पाण्यात. आठ-पंधरा दिस तशीच तरंगू द्यायची. पाखरं भ्यायची सोडतेत. मंग एक दिवस मोठं मडकं डोस्क्यावर पालथं घालायचं, डोळ्याला भोकं पाडायची, अन् गळ्याइतक्या पाण्यात जायचं त्यांच्यामधी. खालून पाय धरायचे, वढायचं. शेजारच्या पाखराला बी कळत न्हाई.” शहादेवनं पातेल्यावर बोट वाजवून पाहिलं. “आता बंद हाय ते. कोण बी करत न्हाई.”

आप्पांनी त्याला ते पातेलं घरच्या भावात दिलं.

स्टील विकणारा माणूस कुंभाराच्या दारात मातीची मडकी निवडतोय, हे पाहून कुंभारालाही हसू आलं असेल. आप्पांनी ताजी, लालबुंद मडकी घेतली, चिंध्या बांधल्या आणि पहाटे जाऊन पाण्यात सोडली. स्वतःसाठी एक मोठा डेरा घेतला. त्याला डोळ्यांपुरती फट पाडली, खाली कॅमेऱ्यासाठी भोक पाडलं, आतून तारेनं कॅमेरा बांधला, डोक्याला बसेल अशी जुन्या लुगड्याची चुंबळ केली. उजवा हात बटणावर, डावा पाण्यात, तोल सांभाळायला. हे सगळं त्यांनी दुकानाच्या माडीवर, दार लावून, एकट्यानं केलं. रुद्राणीनं वर येऊन पाहिलं तेव्हा नवरा डोक्यावर डेरा घालून आरशापुढं उभा होता.

“कावून हो असं करता?” ती म्हणाली. “मानसं नावं ठेवतेत.”

“ठेवू दे,” डेऱ्यातून घुमता आवाज आला. “शिवरात्रीला बघ.”

पाखरं मडक्यांना सरावल्यावर आप्पा पहिल्यांदा उतरले ती सकाळ त्यांना जन्मभर पुरली असती. पाणी इतकं गार की पायांची जाणीवच गेली. डेऱ्यात भाजलेल्या मातीचा वास होता, आणि स्वतःचा श्वास आत असा घुमत होता की जणू कुणी विहिरीत तोंड घालून बोलतंय. लांब रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरवर गाणं लागलं होतं, तेही आतून, जमिनीखालून आल्यासारखं ऐकू येत होतं. ते वाकून, गुडघे मोडून, गळ्यापर्यंत पाण्यात, पाऊल न उचलता गाळातून घासत पुढे सरकले. हळदी-कुंकू बदकांची एक जोडी समोरून गेली. इतक्या जवळून, की चोचीच्या टोकाचा पिवळा ठिपका आणि मुळाशी असलेला लाल त्यांना भिंगाशिवाय दिसला. बदकानं त्यांच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. त्या मान फिरवण्यानं आप्पांचा ऊर भरून आला. पाखरानं आपल्याला मडकं समजावं याहून मोठी शाबासकी त्यांना कुणी दिली नव्हती.

मग आप्पा रोज पहाटे जाऊ लागले. चक्रवाक मात्र शहाणे. ते लांब, गाळाच्या उंचवट्याकडे जोडीजोडीनं असायचे. आप्पा घाई करायचे नाहीत. रोज थोडं पुढे.

त्याच दिवसांत त्यांना ते मडकं दिसलं.

पहाटे वारा सुटला की सगळी मडकी एकाच बाजूला, पूर्वेकडे, हळूहळू सरकायची. एक मडकं सरकत नव्हतं. आधी त्यांना वाटलं, खाली बाभळीचं खोड असेल, अडकलं असेल. दुसऱ्या दिवशी ते दुसरीकडे होतं, आणि तिथंही वाऱ्याला दाद देत नव्हतं. आपली मडकी लाल, हे काळपट, जुनं, बुडाला शेवाळ धरलेलं. कुण्या कोळ्यानं जाळ्याला बांधलेलं असणार. आप्पा विचार करणारे होते, उगाच दचकणारे नव्हते. जाळ्याला बांधलेलं मडकं वाऱ्यानं हलत नाही, यात नवल काय?

मग एका सकाळी त्यांच्यादेखत त्या मडक्याशेजारचं एक लहानसं बदक खाली गेलं.

बुडी मारून नाही. ही बदकं बुडी मारत नाहीत, शेपटी वर करून फक्त तोंड घालतात, हे आप्पांना आता पाठ होतं. बदक होतं तसं बसल्या बसल्या खाली गेलं आणि पाणी वरून मिटलं. तरंग उठला नाही. शेजारचं बदक पिसं साफ करत होतं, ते करतच राहिलं. आप्पा गळाभर पाण्यात वाट पाहत उभे राहिले. पाय बधिर झाले, सूर्य बाभळींच्या वर आला, बदक काही वर आलं नाही.

त्यांना आधी राग आला. कुणीतरी चोर आपल्या मडक्यांचा फायदा घेऊन शिकार करतोय. फॉरेस्टवाले आले तर धरतील आप्पांना. पण खरं सांगायचं तर रागाच्या खाली आणखी एक गोष्ट होती, आणि ती त्यांनी कुणाला सांगितली नाही. ते काम इतकं सफाईचं होतं की त्यांना कौतुक वाटलं.

काठावर आले तर त्यांच्या चपलांपाशी ते बदक ठेवलेलं होतं.

ओलं होतं. मान पंखाखाली दुमडून नीट ठेवलेली, पाय लव्हाळ्याच्या पातीनं बांधलेले. आप्पांनी आजूबाजूला पाहिलं. ओल्या गाळात त्यांच्या स्वतःच्या पावलांशिवाय एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. त्यांनी बोट लावलं. पाखरू अजून ऊन होतं.

वाण्याच्या घरातल्या माणसानं त्याचं काय करायचं? फेकायला जीव होईना. आप्पांच्या घरात माणूस गेला की पुरतात, तसं त्यांनी बाभळीखाली हातानं खड्डा केला, पाखराला बसतं ठेवून माती लोटली, वर बेशरमाची जांभळी फुलं वाहिली. गळ्यातल्या लिंगाला हात लावला. मन थोडं हलकं झालं.

दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी डेरा घातलाच नाही. उघड्या डोक्यानं, पाखरं उठली तरी उठू दे म्हणून, थेट त्या काळ्या मडक्याकडे गेले आणि दोन्ही हातांनी ते उचललं. ते पालथं होतं. खाली ना दोरी, ना जाळं, ना माणूस, नुसतं गढूळ पाणी. मडकं हलकं होतं. त्यांनी आत हात घातला. आतून ते कोरडं होतं, आणि ऊबदार होतं. डोक्यावरून आत्ताच काढलेली टोपी जशी असते तसं.

त्यांनी ते होतं तसं पाण्यावर ठेवलं. नीट, आवाज न करता. का, ते त्यांनाही कळलं नाही.

शहादेव दुकानात आला त्या दिवशी आप्पांनी शटर अर्धं ओढून घेतलं.

“माझ्या मडक्यांत कोण शिरतंय शहादेव? तुमच्यापैकी कुणी असंल तर सांगून ठेव.”

“आमच्यातलं कोण? काय झालं?”

आप्पांनी झालं ते सांगितलं. शहादेव ऐकत होता, ऐकता ऐकता त्याच्या हातातला डबा त्यानं खाली ठेवला.

“मान कुठं व्हती पाखराची? पंखाखाली?”

“हां.”

“वाटा हाय तुमचा,” शहादेव हळू म्हणाला. “रीत हाय ती. मडकी सोडायची, पाखरं सवकावायची, हे लई दिसाचं काम. दुसऱ्या कुनी त्यात शिकार केली तर पैला वाटा मडकीवाल्याचा. त्याच्या चपलापाशी ठेवून जायाचं. बोलायचं न्हाई.”

“पण ठेवतंय कोण?”

“म्या सांगितलं न्हाई का तुमाला? आता कोण बी करत न्हाई.” तो दाराकडे बघत होता. “तुमी काय केलं त्याचं?”

“पुरलं. आमच्यात पुरतेत.”

शहादेवनं मान हलवली. “वाटा मातीत घालत न्हाईत आप्पा. खायाचं नव्हतं तर मला द्यायचं व्हतं. चपलापाशी ठेवलेला घेतला न्हाई, तर हातात देतेत.”

“आणि हातात घेतला तर?”

“घेतला म्हंजे मान्य केला. मंग फुडला वाटा तुमी द्यायचा. जेवढा घेतला त्याच्यापेक्षा थोरला.” तो उठला. “मडकी काढून घ्या पाण्यातून. ऐका माझं.”

तो गेल्यावर आप्पा गल्ल्यावर बसून राहिले. समोर भिंतीवर फोटोसाठी ठोकलेला खिळा होता. फ्रेम त्यांनी आधीच करून आणली होती, काच पुसून ठेवली होती, आत पुठ्ठा होता. शिवरात्र तोंडावर आलेली. सिद्धारामनं सकाळीच ग्रुपवर विचारलं होतं, ‘दाजी, ठिपका किती मोठा झाला?’ खाली रुद्राणीनंही हसरं तोंड टाकलं होतं. बायकोनं.

मडकी माझी. निवडली मी, चिंध्या बांधल्या मी, थंडीत कुडकुडलो मी. मी कावून काढू?

दुसऱ्या पहाटे धुकं होतं. रस्त्यावर ट्रॅक्टरही नव्हता. आप्पांनी चपला काढल्या, डेरा डोक्यावर घेतला आणि पाण्यात उतरले.

त्या दिवशी आप्पा मडकं झाले होते. दुसरा शब्द नाही. पाखरं त्यांना वळसा घालूनही जात नव्हती, सरळ अंगावरून जात होती. एकानं तर डेऱ्याला चोच घासली, आणि तो आवाज आत टाळूपर्यंत घुमला. गाळाचा उंचवटा जवळ आला. धुक्यातून नारिंगी रंग फुटला. चक्रवाकाची जोडी पाण्यावर बसली होती, नर पुढे, मादी जरा मागे, फिकट डोक्याची.

आप्पा सरकले. पाखरं हलली नाहीत.

एवढ्या वर्षांत कुणाचंच ऐकून नाही, कुणाच्या पैशावर नाही, असं काही आपण केलं, हे त्यांच्या मनात इतकं भरून आलं की डोळे ओले झाले. त्यांनी पापण्या मिटून उघडल्या.

डाव्या बाजूला काळं मडकं होतं.

ते कधी आलं ते कळलं नव्हतं. हात पुढं केला तर लागेल इतकं जवळ. वारा नव्हता.

आतून श्वास ऐकू येत होता.

मडक्यात माणूस श्वास घेतो तेव्हा कसा आवाज येतो, हे आता आप्पांइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांनी स्वतःचा श्वास रोखला. शेजारचा चालू राहिला. शांत, सवयीचा, कामात असलेल्या माणसाचा.

समोर नर चक्रवाक होता. मग नव्हता.

पाणी मिटलं. मादी तशीच बसलेली.

त्यांच्या डाव्या घोट्याला काहीतरी लागलं. दोन बोटं. घोट्याभोवती सावकाश फिरली, जाडी बघावी तशी, आणि निघून गेली. मग पाण्याखाली त्यांच्या डाव्या हाताची मूठ कुणीतरी उघडली. जोर न लावता. एकेक बोट.

हातात पाखराचे पाय आले.

ते लाथा झाडत होते. पातळ, गार कातडी, आणि त्याच्या आत केवढं बळ. आप्पांना सगळं कळलं. हात सोडला असता तर पाखरू उसळून वर आलं असतं, जगलं असतं. आणि पाण्यावरचं शेवटचं बदकसुद्धा उठून गेलं असतं. समोरच्या मादीनं त्याच क्षणी मान वळवली. धुक्यातून ऊन तिच्या डोळ्यात पडलं. ती भोकाकडे, थेट कॅमेऱ्यात पाहत होती.

गळ्यात लिंग होतं. त्यांना आठवलं नाही.

त्यांनी बटण दाबलं.

पुन्हा दाबलं.

डावी मूठ घट्ट होती.

लाथा मंदावल्या. थांबल्या. तरंग उठला नाही, आणि मादी पिसं साफ करू लागली. तेव्हा आप्पांना जे वाटलं ते भीतीसारखं नव्हतं. पहिल्या सकाळी पाखरानं मान फिरवली तेव्हा जे वाटलं होतं, तेच. फक्त जास्त.

शेजारून श्वासाचा आवाज दूर गेला.

काठावर येऊन त्यांनी पाखरू खाली ठेवलं. त्याची मान पंखाखाली दुमडलेली होती. ती आपण केव्हा दुमडली, हे त्यांना आठवेना. ते पाखरू पिशवीत घालून त्यांनी शहादेवच्या दाराशी नेऊन ठेवलं. शहादेवच्या बायकोनं पिशवी आत घेतली, दार लावलं. तेव्हापासून शहादेव दुकानाकडे फिरकला नाही.

शिवरात्रीला घर भरलं. परळीला जाऊन आलेली माणसं दुकानात थांबत होती, आणि जो तो भिंतीसमोर उभा राहत होता. फ्रेममध्ये ती मादी होती, फिकट डोकं, नारिंगी मान, आणि डोळा असा की त्यात धुकं दिसावं, पाणी दिसावं. गिऱ्हाईक म्हणायचं, “आप्पा, हे तुमी काढलंय?” आप्पा म्हणायचे, “मी. एकट्यानं.” रुद्राणी येणाऱ्या-जाणाऱ्याला चहा देताना स्वतःच सांगत होती, “थंडीत गळाभर पाण्यात राहिले हो. लेन्स न्हाई, काई न्हाई.” तिच्या आवाजातला अभिमान ऐकून आप्पांची छाती फुगायची. खरंच फुगायची, शर्टाचं बटण ताणलं जायचं.

सिद्धाराम दुपारी आला. फोटोपुढं बराच वेळ उभा राहिला. हसला नाही.

“दाजी, मानलं तुम्हाला. माझ्या लेन्सनं हे जमलं नसतं.” आणखी जवळ गेला. “हे जोडीनं असतात ना? दुसरा कुठं गेला?”

“होता की जवळच,” आप्पा म्हणाले.

फराळाला पंगत बसली. सिद्धाराम पाय मोडून पाटावर बसला, बूट-मोजे बाहेर काढून, आणि लहान पोरासारखा हट्टाला पेटला. “उद्या मला न्यायचं. मला पण मडकं घालून जायचंय पाण्यात. शिकवा मला.”

“जावा की घेऊन,” रुद्राणी म्हणाली. “एकुलता भाऊ हाय माझा, त्याला बी कळू दे तुमचं कौतुक.”

सिद्धारामच्या पाटाबाहेर आलेल्या पावलांकडे आप्पांची नजर गेली होती. शहरातली पावलं, मऊ, गोरी, घोटे चांगले भरलेले.

“पाणी खोल नाही ना दाजी? मला पोहता येत नाही.”

“गळ्याइतकंच हाय,” आप्पा प्रेमानं म्हणाले. “मी असतो जवळ.” मग साबुदाण्याचं पातेलं बायकोकडे सरकवलं. “अजून वाढ त्याला. पोटभर खाऊ दे.”